विश्वस्त मंडळ रुळावर आणायचे तर

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. खजिनदार सीएच्या कचेरीतून हिशेबाचा गठ्ठा घेऊन येतो. पेन्सिलीने फुल्या मारलेल्या जागी अध्यक्ष आणि कार्यवाह सह्या करतात, चहा होतो, गठ्ठा परत जातो. ३१ मार्चला हिशेब बंद झाले की सहा महिन्यांत लेखापरीक्षण व्हायला हवे, म्हणून ही घाई.

त्या गठ्ठ्यात ताळेबंदाच्या मागेपुढे एक प्रश्नावली असते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५१ च्या नियमांतल्या नियम १९ प्रमाणे लेखापरीक्षकाला तिची उत्तरे द्यावीच लागतात. एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाचा कार्यवाह म्हणून मी बारा वर्षे या गठ्ठ्यावर सह्या केल्या. त्यातली पहिली पाच वर्षे ही प्रश्नावली वाचली नाही. सहाव्या वर्षी पावसाने वीज गेली आणि सीएकडे तासभर बसून राहावे लागले, तेव्हा ती हाती आली.

प्रश्न साधे आहेत. घटनेत सांगितलेली विश्वस्तांची किमान आणि कमाल संख्या पाळली आहे का? सभा घटनेप्रमाणे नियमित होतात का? इतिवृत्ताची वही आहे का? स्थावर-जंगम मालमत्तेची नोंदवही ठेवली आहे का? हातातली रोख आणि व्हाउचरे हिशेबाशी जुळतात का? पाच हजारांपेक्षा जास्त खर्चाच्या दुरुस्तीला किंवा बांधकामाला निविदा मागवल्या का? संस्थेच्या गुंतवणुकीत एखाद्या विश्वस्ताचा हितसंबंध आहे का? कोणी विश्वस्त संस्थेचा ऋणको किंवा धनको आहे का? आणि शेवटाकडचा, माझ्या मते सर्वांत जड प्रश्न: गेल्या वर्षी दाखवलेल्या उणिवा विश्वस्तांनी दूर केल्या का?

उत्तरे बहुतेक ठिकाणी सीएकडचा मुलगा गेल्या वर्षीच्या कागदावरून उतरवतो. होय, होय, नाही, लागू नाही.

मंडळे कशी सुधारावीत यावर शिबिरे होतात, ध्येय-उद्दिष्टांची रंगीत पाने भिंतीवर लागतात. माझे म्हणणे त्याहून किरकोळ आहे. हीच प्रश्नावली घ्या, मंडळाच्या सभेत मोठ्याने वाचा आणि प्रत्येक उत्तर खरे होईपर्यंत काम करा. आम्हाला साधारण दीड वर्ष लागले. पुढे सांगितलेला क्रम त्या दीड वर्षातला आहे. संस्था अधिनियम १८६० आणि विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० अशी दुहेरी नोंदणी असलेल्या, म्हणजे ‘एफ’ क्रमांकाच्या, मध्यम-लहान संस्था मी डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. नुसता ट्रस्ट असेल तर सभासद आणि निवडणुकीचा भाग सोडून द्या. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी असेल तर कायदा वेगळा, पण सभा आणि पैशाचे दुखणे तेच.

पहिले काम: कपाट उघडा

एका रविवारी तिघांनी बसायचे. कार्यवाह, खजिनदार आणि मंडळातला सर्वांत नवा माणूस. नवा माणूस मुद्दाम, कारण “हे असे का?” असे तोच विचारतो.

घटना, शेड्यूल वनचा (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा) ताजा उतारा, शेवटच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, इतिवृत्ताच्या वह्या, सभासद नोंदवही, मालमत्तेचे कागद, कायम ठेवींच्या पावत्या, आयकर नोंदणी आणि ८०जीची (देणगीदाराला करसवलत मिळवून देणाऱ्या मान्यतेची) पत्रे, बँकेतला सह्यांचा अधिकार दाखवणारा शेवटचा ठराव. हे सगळे टेबलावर मांडा. जे सापडत नाही ते कागदावर लिहा. ती यादी लांब झाली तरी लाजायचे कारण नाही. आमची दीड पान झाली होती.

घटनेपाशी मात्र थांबा. जुन्या संस्थांत घटनेच्या दोन-तीन प्रती निघतात आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. कधीतरी सर्वसाधारण सभेत दुरुस्ती झालेली असते, नवी प्रत टंकलिखित करून घेतलेली असते, पण धर्मादाय कार्यालयात ती दुरुस्ती कधी गेलेलीच नसते. आमच्याकडे कार्यकारी मंडळ एका प्रतीत नऊ जणांचे होते, दुसऱ्या प्रतीत अकरा जणांचे. बसत होतो आम्ही बारा. धर्मादाय कार्यालयातून प्रमाणित नक्कल काढा आणि ती येईपर्यंत कोणत्याही प्रतीवर वाद घालू नका. नक्कल आली की एका सभेत घटना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची. पाऊण तास लागतो. वाचताना सहा गोष्टी फळ्यावर लिहून काढा: विश्वस्तांची संख्या, मुदत, नेमणूक कशी होते, सभेची नोटीस किती दिवसांची, गणसंख्या (सभेला लागणारी किमान हजेरी) किती, पैसे काढायला कोणाच्या सह्या. पुढे कोणी “आपल्याकडे असेच चालते” म्हणाले, तर त्या सहा ओळींकडे बोट दाखवता येते.

दुसरे काम: उताऱ्यावरची माणसे आणि खुर्चीवरची माणसे

शेड्यूल वनवर ज्यांची नावे आहेत, तेच नोंदीप्रमाणे विश्वस्त. आता उतारा आणि मंडळाची सध्याची यादी शेजारी-शेजारी ठेवा. पुष्कळ संस्थांत उताऱ्यावरचे निम्मे लोक फोटोला हार घालून भिंतीवर गेलेले असतात.

विश्वस्त वारला, राजीनामा दिला, निवडणूक झाली, मिळकत घेतली, पत्ता बदलला: असा कोणताही बदल झाला की विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे सगळे ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतात तो, उपधर्मादाय किंवा सहायक धर्मादाय आयुक्तांकडे द्यायचा. उशीर झाला तर उशीर माफीचा वेगळा अर्ज, त्याची कारणे आणि वकिलाच्या फेऱ्या वाढतात. मागचा चेंज रिपोर्ट प्रलंबित असताना पुढचा, त्याच्या पुढचा, अशी साखळी तयार होते. एका कडीत कोणी हरकत घेतली की सगळी साखळी लोंबकळते.

आम्हाला याची किंमत बँकेत कळली. खजिनदार अचानक गेले. नव्या खजिनदाराच्या सहीसाठी बँकेने उतारा मागितला. उताऱ्यावर तर त्यांच्याही आधीचे खजिनदार होते. चार महिने खाते जवळपास गोठले. ग्रंथपालाचा पगार तीन जणांनी खिशातून दिला आणि मग तेच तीन जण लेखापरीक्षकाच्या कागदावर संस्थेचे धनको म्हणून उतरले. एका न केलेल्या अर्जाने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बिघडवले.

अर्ज टिकतो तो त्याच्या मागच्या कागदांवर. सभेची नोटीस, ती प्रत्येकाला पोचल्याचा पुरावा, विषयपत्रिका, हजेरीच्या सह्या, इतिवृत्ताची खरी प्रत, नव्या विश्वस्ताचे संमतीपत्र आणि प्रतिज्ञापत्र, जाणाऱ्याचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला. यातले नोटीस पोचल्याचे कागद नंतर तयार करता येत नाहीत. करणारे करतात, पण हरकत निघाली की तेच अंगाशी येतात. म्हणून निवडणूक असो वा नेमणूक, त्याच आठवड्यात या कागदांची फाइल लावायची. ९० वा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने मांडायचा.

तिसरे काम: सभा आणि तिची वही

सगळे दुखणे इथे आहे, म्हणून इथे वेळ घेतो.

आपल्याकडे सभा दोन प्रकारच्या होतात. एक, जिथे सत्कार, नारळ आणि पोहे असतात. दुसरी, जी होतच नाही: शिपाई इतिवृत्ताची वही घेऊन घरोघर फिरतो आणि सह्या आणतो. दुसरी पद्धत इतकी रुळलेली आहे की लोकांना त्यात काही वावगे वाटत नाही. “वही पाठवून द्या, मी करतो सही” हे वाक्य मी स्वतः आमच्या अध्यक्षांकडून किमान वीस वेळा ऐकले आणि पाठवून दिली. तो माणूस सज्जन होता, संस्थेसाठी झिजलेला होता. पण फिरत्या वहीत कोणी प्रश्न विचारत नाही. विचारायचा कोणाला, शिपायाला?

तेव्हा पहिला नियम: वही कार्यालयाबाहेर जाणार नाही. ज्याला सही करायची आहे त्याने सभेला यायचे. घटनेत फिरत्या ठरावाची तरतूद असेल आणि खरोखर तातडी असेल तेवढ्यापुरताच तो वापरायचा आणि पुढच्या सभेत वाचून दाखवायचा.

वर्षाच्या सभांच्या तारखा एप्रिलमध्येच ठरवा. आम्ही ‘दर दुसऱ्या महिन्याचा दुसरा शनिवार, संध्याकाळी साडेपाच’ असे ठरवले. लग्नसराई, गणपती, मुलांच्या परीक्षा बघून एखादी पुढे-मागे केली. तारीख आधीपासून ठाऊक असली की “मला कळवलेच नाही” ही तक्रार आपोआप बंद होते. नोटीस तरीही घटनेप्रमाणे द्यायचीच. व्हॉट्सअ‍ॅपवर टाका जरूर, पण घटनेत ‘लेखी नोटीस’ असेल तर लेखी द्या आणि पोच घ्या.

विषयपत्रिकेत सातपेक्षा जास्त विषय नकोत आणि प्रत्येक विषयापुढे लिहा: माहितीसाठी, चर्चेसाठी की निर्णयासाठी. एवढ्या एका गोष्टीने सभेचा अर्धा तास वाचतो. निर्णयाचे विषय आधी घ्या. नाहीतर मागील सभेचे इतिवृत्त, दुखवट्याचे ठराव, अभिनंदनाचे ठराव यांत सात वाजतात आणि छताच्या दुरुस्तीचा विषय येतो तेव्हा दोघे चपला शोधत असतात. ज्या विषयावर पैसे खर्च व्हायचे आहेत त्याचा कागद सभेच्या तीन दिवस आधी सदस्यांच्या हाती असावा. सभेत पहिल्यांदा दाखवलेल्या दरपत्रकावर विचार होत नाही, मान डोलावली जाते.

‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ हा विषयपत्रिकेतला शेवटचा मुद्दा म्हणजे घराचा मागचा दरवाजा. तिथून निवडणुका आल्या, जमिनी आल्या, नोकरभरती आली. आमचा नियम असा: ऐनवेळच्या विषयात पैसा, मालमत्ता, नेमणूक आणि घटनादुरुस्ती यांपैकी काहीही घ्यायचे नाही. सभागृहातला पंखा बदलायचा असेल तर घ्या.

गणसंख्येचेही तसेच. अर्धा तास वाट पाहून तीच सभा तहकूब करायची आणि तिथेच पुन्हा भरवायची, तिला गणसंख्येची अट नाही, ही तरतूद बऱ्याच घटनांत आहे. ती आहे का हे आधी तपासा. असेल तर अशा सभेत फक्त मूळ विषयपत्रिकेवरचे विषय घ्या. वर्षभराच्या सगळ्या सभा तहकूब होऊनच भरत असतील तर गणसंख्या चुकीची नाही, माणसे चुकीची आहेत. त्याकडे पुढे येतोच.

आता लिहिणे. आमच्या जुन्या वहीतला एक ठराव असा होता: “इमारतीच्या दुरुस्तीबाबत सविस्तर चर्चा झाली व सर्वानुमते योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले.” सहा वर्षांत हे वाक्य चार वेळा लिहिले गेले. छत गळतच होते. योग्य ती म्हणजे कोणती, करणार कोण, कधीपर्यंत, किती पैशांत, यातले काहीच त्यात नाही. ठराव असा लिहा:

“ठराव क्र. ७. वाचनकक्षाच्या छताची गळती थांबवण्याच्या कामासाठी आलेली तीन दरपत्रके सभेपुढे ठेवली. त्यांपैकी सर्वांत कमी, रु. १,४२,००० चे दरपत्रक मंजूर करण्यात येत आहे. काम ३१ मेपूर्वी पूर्ण करावे. देखरेख सहकार्यवाह करतील. खर्च इमारत निधीतून करावा. सूचक, अनुमोदक. बाजूने ६, विरोधात १. विरोधाचे कारण: पत्रे बदलल्याशिवाय डांबराचा उपयोग नाही.”

विरोध आणि त्याचे कारण लिहायला लोक बिचकतात. संस्थेत फूट आहे असे दिसेल, म्हणतात. उलट, ज्याचा विरोध कागदावर येतो तो बाहेर कट्ट्यावर बोलत नाही. शिवाय उद्या काही वाकडे झाले तर त्या विश्वस्ताला स्वतःच्या बचावासाठी तीच ओळ उपयोगी पडते. (आमच्या बाबतीत विरोध करणारा बरोबर निघाला. दुसऱ्याच पावसाळ्यात पत्रे बदलावे लागले.)

इतिवृत्त सभा झाल्यावर चार दिवसांत लिहून सगळ्यांना पाठवा. दोन महिन्यांनी आठवून लिहिलेले इतिवृत्त ही लिहिणाऱ्याची कादंबरी असते. पानांना क्रमांक घाला, मध्ये कोरी जागा सोडू नका, खाडाखोड झाली तर तिथे सही करा. आणि पुढच्या सभेत पहिला विषय ‘मागील इतिवृत्त कायम करणे’ एवढाच न ठेवता एक तक्ता ठेवा: मागचे ठराव, जबाबदार माणूस, मुदत, झाले की नाही. आमच्या पहिल्या तक्त्यात चौदा ठरावांपैकी तीनच झालेले निघाले. कोणी कोणाला बोलले नाही. पुढच्या सभेपर्यंत नऊ झाले.

चौथे काम: पैसा

खजिनदार हिशेब ठेवतो, पण पैशाची जबाबदारी सगळ्या विश्वस्तांची. “ते खजिनदारांना माहीत” हे उत्तर धर्मादाय आयुक्तांपुढे चालत नाही.

प्रत्येक सभेत एक पान पुरते. त्यावर बँकेतील आणि हातातील शिल्लक, ठेवी आणि त्यांच्या मुदतीच्या तारखा, अंदाजपत्रकातली रक्कम आणि आजवर झालेला खर्च, येणे आणि देणे. हिशेब न कळणाऱ्या सदस्यालाही ते वाचता आले पाहिजे. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या म्हणायच्या, “मला ताळेबंद कळत नाही, पण गेल्या वेळेपेक्षा पैसे कमी का झाले एवढे सांगा.” यापेक्षा नेमका प्रश्न मी कोणा सीएकडूनही ऐकला नाही.

धनादेशावर दोन सह्या, आणि त्या दोन वेगळ्या घरांतल्या. कोऱ्या धनादेशावर आगाऊ सही करून ठेवायची नाही. नेट बँकिंग असेल तर एकाने भरायचे आणि दुसऱ्याने मंजूर करायचे. ओटीपी फोनवरून सांगणे म्हणजे कोरा धनादेशच. रोखीने मोठी रक्कम देऊ नका. एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च आयकरात संस्थेच्या उद्दिष्टासाठीचा म्हणून धरला जात नाही. देणगीतही दोन हजारांवरची रोख असेल तर देणगीदाराला ८०जीची सवलत मिळत नाही. हे पावतीपुस्तकावरच छापून टाका. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून आला आहे आणि कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा छापण्याआधी मजकूर सीएला दाखवा. ८०जीची मान्यता मुदतीची असते, कायमची नाही. तिची शेवटची तारीखही त्या लाल पेनाच्या कॅलेंडरवर हवी.

परदेशी देणगीचा घोळ आता लहान गावांतही होतो. गावचा मुलगा अमेरिकेत स्थायिक झाला आहे, शाळेला काही द्यावे म्हणतो. त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून देत असेल तर ती परदेशी देणगी नाही. पण त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचे) कार्ड असले तरीही, ती परदेशी देणगी. मग एफसीआरए या परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतले खाते याशिवाय एक रुपयाही घ्यायचा नाही. पासपोर्ट विचारायला संकोच वाटतो, पण विचारा.

काही दारांना आयुक्तांचे कुलूप आहे. संस्थेची स्थावर मिळकत विकणे, बक्षीस देणे, बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त आणि शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने देणे: विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ ची पूर्वपरवानगी लागते. कर्ज काढायलाही, मग ते मिळकत गहाण ठेवून असो वा तसेच, परवानगी लागते. समोरचे गाळे अकरा-अकरा महिन्यांच्या करारांवर वीस वर्षे त्याच माणसाकडे असतील तर तो विषय वकिलाकडे न्या, लेखाने सुटणार नाही.

पाच हजारांची निविदेची मर्यादा आजच्या भावात हास्यास्पद आहे हे खरे. पाच हजारांत रंगाचे दोन डबे येतात. तरी प्रश्न कागदावर आहे आणि उत्तर द्यावे लागते. लहान कामाला तीन लेखी दरपत्रके, मोठ्या कामाला सूचना फलकावर आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात, अशी स्वतःची पायरी मंडळाने ठरावाने ठरवून घ्यावी.

पाचवे काम: मेहुण्याचे दुकान

गावात सगळेच एकमेकांचे कोणीतरी असतात. वाचनालयाची पुस्तके ज्या दुकानातून येतात ते सदस्याच्या मेहुण्याचे, मंडप उपाध्यक्षांच्या पुतण्याचा, संगणक अध्यक्षांच्या जावयाने बसवलेला. यात लबाडी असतेच असे नाही. अनेकदा तोच माणूस स्वस्तात आणि उधारीवर देतो. पण कोणी बोलत नाही आणि न बोलण्यातून संशय वाढतो.

हा प्रश्न आजचा नाही. १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले, तेव्हाच्या वादात आजीव सभासदांनी संस्थेबाहेर कामे करावीत का, कमाई करावी का, हा मोठा मुद्दा होता. संस्था काढून तेव्हा सहाच वर्षे झाली होती आणि माणसे कोणत्या उंचीची होती ते आपण जाणतो. मोठ्या माणसांतही जे न बोलता सुटले नाही, ते आपल्या मंडळात आपोआप सुटेल अशी आशा नको.

उपाय एका पानाचा. दर एप्रिलमध्ये प्रत्येक सदस्याने लिहून द्यायचे: माझा किंवा माझ्या जवळच्या नातेवाइकाचा संस्थेशी कोणता व्यवहार आहे, कोणती थकबाकी आहे, संस्थेत कोण नोकरीला आहे. काही नसेल तर “काही नाही” लिहून सही. मग तो विषय सभेत आला की त्या सदस्याने स्वतः सांगायचे, खोलीबाहेर जायचे आणि इतिवृत्तात तसे नोंदवायचे. बाहेर जाणे महत्त्वाचे. तो समोर बसलेला असताना “मेहुण्याचा दर जास्त आहे” असे कोण म्हणणार? पहिल्या वेळी आमचे उपाध्यक्ष रागावूनच बाहेर गेले होते. कंत्राट त्यांच्या पुतण्यालाच मिळाले, कारण दर खरोखर कमी होता. त्यानंतर गावात त्याबद्दल कुजबुज झाली नाही.

सहावे काम: माणसे बदलणे

इथे मी सावध लिहितो, कारण दुखावले जातात ते बहुधा संस्था उभी करणारेच. वाचनालयासाठी सायकलवरून वर्गणी गोळा केलेल्या माणसाला ‘आता तुम्ही बाजूला व्हा’ कसे सांगणार?

सांगू नका. मुदत ठरवा. घटनेत मुदत नसेल तर दुरुस्ती करून सलग दोन कार्यकाळांनंतर एका कार्यकाळाची विश्रांती अशी तरतूद घाला आणि ती सगळ्यांना, स्वतःलाही, लागू करा. ज्येष्ठांसाठी सल्लागार मंडळ करा, पण त्याला मत आणि सही देऊ नका. आजीव विश्वस्तांच्या संख्येला राज्य सरकारनेही २०२५ मध्ये एक चतुर्थांशाची मर्यादा घातली आहे, त्यामुळे हा विषय काढायला आता आयते निमित्त आहे.

नवा माणूस शोधताना आपण ‘वजनदार’ नाव शोधतो. वजनदार माणूस सभेला येत नाही. त्याऐवजी मंडळात काय कमी आहे ते लिहा. आमच्याकडे तिघे निवृत्त प्राध्यापक होते, पण हिशेब वाचणारा, बांधकाम कळणारा आणि रोज वाचनालयात येणारा असा एकही नव्हता. बायकांपैकी एकच. वाचकांमध्ये मात्र निम्म्याहून जास्त बायका आणि स्पर्धा परीक्षेची मुले. आम्ही आधी दोघींना आणि एका मुलाला पुस्तक खरेदी समितीत घेतले, वर्षभर काम पाहिले, मग पुढच्या निवडणुकीत उभे केले. समितीतून मंडळात हा रस्ता चांगला. माणसालाही कळते आपल्याला झेपते का, संस्थेलाही कळते.

निवडून आलेल्याला पहिल्याच दिवशी एक पाकीट द्या: घटना, शेवटचा लेखापरीक्षण अहवाल, गेल्या वर्षाची इतिवृत्ते, सभांच्या तारखा. तासभर कार्यवाहाने बसून समजावून सांगायचे. आपण हार घालतो आणि खुर्ची दाखवतो, तेवढ्याने होत नाही.

निवडणुकीचे भांडण जवळपास नेहमी मतदार यादीवरून होते. संस्था अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकलेल्या सभासदाला मत नाही. म्हणूनच निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात एकाच हस्ताक्षरात शंभर पावत्या फाटतात. यादी निवडणुकीच्या पुरेशा आधी फलकावर लावा, हरकतीला मुदत द्या, त्या तारखेनंतर ना नवा सभासद ना थकबाकीची वसुली. निवडणूक अधिकारी गावाबाहेरचा असेल तर उत्तम.

सातवे काम: ग्रंथपालाला कोणाचे ऐकायचे?

हे थोडक्यात. मंडळाने धोरण, अंदाजपत्रक आणि नेमणुका ठरवायच्या, रोजचे काम कर्मचाऱ्याने करायचे. सकाळी अध्यक्ष एक सांगतात, दुपारी उपाध्यक्ष दुसरे, संध्याकाळी एखादा सदस्य ‘मी मंडळात आहे’ म्हणून रजिस्टर मागतो. मग कर्मचारी सर्वांना “हो” म्हणायला शिकतो आणि काहीच करत नाही. सूचना एकाच माणसाने द्यायच्या, ते नाव ठरावात लिहायचे. कर्मचाऱ्याच्या कामाचा वर्षातून एकदा लेखी आढावा घ्या आणि त्याला सभेत पंधरा मिनिटे स्वतःचा अहवाल मांडू द्या. दहा किंवा त्याहून जास्त माणसे कामाला असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत तक्रार समिती लागतेच. वसतिगृहे आणि शाळा चालवणाऱ्या संस्थांनी तर यात एक दिवसही दिरंगाई करू नये.

भांडण पेटलेच तर

दोन गट पडले, समांतर सभा भरल्या, दोन्हीकडून चेंज रिपोर्ट गेले, की निकालापर्यंत वर्षे जातात आणि संस्था वकिलांच्या तारखांवर जगते. गंभीर गैरव्यवहार असेल तर विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१डी खाली विश्वस्ताला निलंबित किंवा दूर करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. तो रस्ता जरूर वापरा, पण अपहार, मिळकतीची विल्हेवाट, हिशेब दडवणे अशा गोष्टींसाठी. मानापमानासाठी नको. मानापमान मिटवायला दोन्ही गटांना चालेल असा एखादा जुना सभासद किंवा निवृत्त मुख्याध्यापक बसवा. मध्यंतरात एवढे सांभाळा की पगार, वीजबिल आणि वाचकांची सेवा यांवर दोन्ही गट सही करतील. आमच्या शेजारच्या तालुक्यातली एक व्यायामशाळा या एका समजुतीवर तीन वर्षे चालू राहिली. आखाड्यात मुले रोज येत होती आणि त्यांना भांडणाचा पत्ताही नव्हता.

मी कार्यवाहपद सोडले त्या वर्षीच्या सप्टेंबरच्या सभेत प्रश्नावली वाचली गेली, नव्या सहकार्यवाहाने वाचली. एका प्रश्नापुढे ‘नाही’ आले. मालमत्तेची नोंदवही अपुरी होती. कपाटे आणि टेबले लिहिलेली होती, पण माळ्यावरच्या लाकडी पेटीतल्या जुन्या नियतकालिकांची मोजणी झालेली नव्हती. ‘लागू नाही’ लिहू या का, असे कोणीतरी विचारले. शिक्षिकाबाई म्हणाल्या, लागू आहे, मी रविवारी येते. पुढच्या रविवारी त्या आणि दोन मुले तोंडाला रुमाल बांधून माळ्यावर चढली. दिवाळीपर्यंत आकडा चारशे बाराला पोचला होता आणि पेटीच्या तळाला कागद अजून होते.